जमीन चौघांची, मुदत एकेकाची : सामाईक फ्रीहोल्ड आणि फ्लॅटची लीज



मालकी या कल्पनेवर आपण काही आठवडे बोलतो आहोत. आजच्या विषयाचं नाव जाहीर झाल्यावर एकदोघांनी विचारलं की तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेलेल्या माणसाला लंडनच्या फ्लॅटच्या कागदांशी काय देणंघेणं? दोन कारणं आहेत. आपले बरेच श्रोते इंग्लंडात राहतात, तिथे त्यांनी फ्लॅट घेतलेत, आणि त्यांतल्या काहींच्या डोक्याला हा प्रश्न खरोखरच लागलेला आहे. दुसरं असं की 'मालक म्हणजे कोण' हा प्रश्न वर्गात विचारला की मुलं जांभया देतात, पण तोच प्रश्न बँकेने विचारला की माणसाची झोप उडते. आमचा अनुभव असा की कल्पना तपासायच्या त्या अशा झोप उडालेल्या ठिकाणीच.

विषय इंग्लंड आणि वेल्सचा आहे. स्कॉटलंडचा कायदा निराळा, तिथे फ्लॅट सरळ विकत घेता येतो, म्हणून स्कॉटलंड आज बाजूला ठेवू.

इंग्लंडात फ्लॅट 'विकत घेतला' असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा एक लांबलचक भाडेपट्टा घेतलेला असतो, ९९ वर्षांचा, १२५ वर्षांचा, क्वचित ९९९ वर्षांचा. याला तिथे लीज म्हणतात. इमारत आणि तिच्याखालची जमीन ज्याची, तो फ्रीहोल्डर. १९२५ च्या लॉ ऑफ प्रॉपर्टी ॲक्टने जमिनीवरचे कायदेशीर हक्क दोनच प्रकारांत बसवले : एक अमर्याद काळाचा, म्हणजे फ्रीहोल्ड, आणि दुसरा ठरावीक मुदतीचा, म्हणजे लीजहोल्ड. लीजची मुदत संपली की फ्लॅट फ्रीहोल्डरकडे परत जातो. त्यामुळे लीजची वर्षं कमी होत जातात तशी फ्लॅटची किंमतही झिजत जाते. घर तेच, भिंती त्याच, आणि किंमत मात्र बर्फाच्या लादीसारखी कमी होत राहते.

आता त्या चार फ्लॅटवाल्यांनी मिळून फ्रीहोल्डच विकत घेतला तर? १९९३ च्या कायद्याने त्यांना तसा हक्कच दिलेला आहे. इमारतीतल्या किमान निम्म्या फ्लॅटच्या लीजधारकांनी एकत्र यावं, बाकीच्या अटी पुऱ्या कराव्यात, आणि फ्रीहोल्डरला योग्य किंमत देऊन फ्रीहोल्ड ताब्यात घ्यावा. त्याला विकावाच लागतो. मग दलाल जाहिरातीत लिहितात, 'शेअर ऑफ फ्रीहोल्ड'. या तीन शब्दांनी जेवढा गैरसमज पसरवला आहे तेवढा क्वचित कुठल्या कायदेशीर शब्दाने पसरवला असेल. घेणाऱ्याला वाटतं, जमीनच आपली झाली, आता मुदतीची काळजी कसली! प्रत्यक्षात त्याच्या हातात दोन वेगळ्या गोष्टी असतात : फ्लॅटची लीज, जी त्याची एकट्याची, आणि जमिनीतला वाटा, जो चौघांत सामाईक. जमिनीत वाटा आला म्हणून लीजचं घड्याळ थांबत नाही. ६२ वर्षं उरली असतील तर पुढच्या वर्षी ६१ उरणार.

आपल्याकडच्या श्रोत्यांना इथे सोसायटी आठवते. महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण संस्था जमिनीची आणि इमारतीची मालक असते (बिल्डरने कन्व्हेयन्स करून दिलं असेल तर, आणि त्या 'तर'मध्ये किती सोसायट्या अडकल्यात ते आपण जाणता), आणि सभासदाला भागपत्र मिळतं, राहण्याचा हक्क मिळतो. त्या हक्काला सोसायटीकडून मुदत नसते. नवी मुंबईत सिडकोचे भूखंड ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिलेत, म्हणजे मुदतीची भानगड आपल्यालाही अगदीच अनोळखी नाही, पण ती साऱ्या जमिनीला लागू असते. इंग्लंडात ती प्रत्येक फ्लॅटला वेगवेगळी चिकटलेली असते. म्हणून 'आमच्या सोसायटीसारखंच आहे' असं समजून कागद कपाटात ठेवू नयेत.

मग कुणी विचारील, आणि विचारावंच, की जमीन आमची आहे ना, तर लीज हवीच कशाला? फाडून टाकू.

याचं उत्तर एका गळक्या छपरात आहे. सॉमरसेटमध्ये एक मोठं घर आणि त्याला लागून एक छोटं घर होतं. मोठ्या घराच्या छपराचा काही भाग छोट्या घरावर येत होता. १९६० साली छोटं घर विकताना मोठ्या घराच्या मालकाने लिहून दिलं की ते छप्पर आम्ही दुरुस्त ठेवू. पुढे दोन्ही घरांचे मालक बदलले, छप्पर गळू लागलं, आणि नवा मालक म्हणाला, मी कुठे काय लिहून दिलं होतं? प्रकरण हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेलं. १९९४ साली, र्‍होन विरुद्ध स्टीफन्स या खटल्यात निकाल लागला की फ्रीहोल्ड जमिनीबाबत 'अमुक करू' असं वचन त्या जमिनीच्या पुढच्या मालकाला बांधत नाही. 'अमुक करणार नाही' हे बांधू शकतं, 'करू' हे नाही. आता फ्लॅटच्या इमारतीचा विचार करा. वरच्याने छप्पर दुरुस्त करायचं, खालच्याने पाया सांभाळायचा, सगळ्यांनी जिन्याच्या खर्चात वाटा द्यायचा, ही सगळी 'करू' जातीची वचनं आहेत. लीजमध्ये लिहिली तर ती फ्लॅट घेणाऱ्या प्रत्येकावर येतात. लीज फाडली तर पहिल्या विक्रीनंतर छप्पर कुणाचंच नाही. म्हणून चौघांनी जमीन घेतली तरी लीज जिवंत ठेवायची, फक्त तिची मुदत वाढवायची, बहुधा ९९९ वर्षांपर्यंत.

इथे आम्हाला एक जुनी गंमत सांगावीशी वाटते. माणूस स्वतःलाच जमीन भाड्याने देऊ शकतो का? ऐकायला पोरकट वाटतं, पण १९६२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने यावर गंभीरपणे विचार केला. राय आडनावाच्या दोन भावांनी आपल्या मालकीची जागा आपल्याच भागीदारीला, म्हणजे पुन्हा आपल्यालाच, भाड्याने दिली होती. न्यायालय म्हणालं, हे होत नाही. भाडेपट्टा हा करार आहे, आणि करार करायला समोर दुसरा लागतो. मग चौघांनी मिळून त्यांच्यातल्याच एकाला लीज दिली तर? ते चालतं. १९२५ च्या कायद्यात तशी स्पष्ट सोय आहे : अनेकांनी मिळून धरलेली मालमत्ता त्यांच्यातल्याच एकाला, तो परका असल्याप्रमाणे देता येते. म्हणजे कायद्याच्या नजरेत 'आम्ही चौघे' हा माझ्याहून निराळा कुणीतरी आहे. समूह आणि व्यक्ती यांचं नातं काय, यावर आम्ही विद्यापीठात महिना घालवायचो, इथे एका पोटकलमात काम झालं.

'आम्ही चौघे' म्हणजे नेमकं काय, हे मात्र थोडं थांबून पाहायला हवं, कारण सगळी अडचण तिथून सुरू होते.

आपल्या परंपरेत यावर फार बारीक विचार झालेला आहे. नव्यन्यायातल्या रघुनाथ शिरोमणीने तर 'स्वत्व' हा वेगळा पदार्थच मानला, म्हणजे मालकी ही वस्तूत किंवा माणसात शोधून सापडणारी गोष्ट नव्हे, ती आपली स्वतंत्र आहे. धर्मशास्त्रात एकत्र कुटुंबाच्या संपत्तीबद्दल दोन मतं झाली. विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेची परंपरा, जी आपल्या महाराष्ट्रात चालत आली, ती म्हणते की वाटणी होईपर्यंत प्रत्येक सहभागीदाराचं स्वत्व सगळ्या संपत्तीवर आहे, हा तुकडा माझा असं बोट दाखवता येत नाही, आणि एक गेला की उरलेल्यांचं स्वत्व पुढे चालू राहतं. बंगालचा जीमूतवाहन दायभागात म्हणतो, तसं नाही, प्रत्येकाचा ठरलेला हिस्सा आधीपासूनच आहे, आणि तो त्याच्या वारसाकडे जातो.

इंग्रजी कायद्यात हे दोन्ही आहेत, आणि गंमत म्हणजे एकाच जमिनीत, एकावर एक रचलेले आहेत. कागदावरची, म्हणजे लँड रजिस्ट्रीत नोंदलेली मालकी नेहमी मिताक्षरेच्या पद्धतीची : नोंदलेली माणसं जास्तीत जास्त चार, ती सगळी मिळून एकच मालक, सही करायची तर सगळ्यांनी, आणि एक मेला की त्याचं नाव गळून उरलेले मालक. त्या कागदाखाली खरा लाभ कुणाचा, हा दुसरा थर. तिथे दायभागासारखे हिस्से ठरवता येतात, चौघांचे पाव-पाव, आणि ते मृत्युपत्राने वारसाकडे जातात. वरच्या थरातली माणसं ही खालच्या थरातल्यांची विश्वस्त, ट्रस्टी. इमारतीत सहा फ्लॅट असतील तर नोंदीत चारच नावं बसतात, उरलेल्या दोघांचा हक्क ट्रस्टच्या कागदावर. तो कागद कुणी केलाच नसेल तर पुढे भांडणाला तोटा नाही.

हे सगळं आम्ही पुस्तकात वाचलेलं असतं तर इतक्या तपशिलाने सांगितलं नसतं. आमची मुलगी उत्तर लंडनमध्ये राहते. व्हिक्टोरियन काळातलं उभं घर, पुढे चार फ्लॅट केलेले, १९८८ साली ९९ वर्षांच्या लीज दिलेल्या. हिशेब करा : २०२५ मध्ये उरली ६२. चौघांनी बऱ्याच वर्षांपूर्वी मिळून फ्रीहोल्ड घेतला होता आणि लीज वाढवायचं काम 'करू कधीतरी' म्हणून राहून गेलं होतं. आपलीच जमीन, घाई काय!

तळमजल्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहतात. नवरा गेलेला, गुडघे गेलेले, वृद्धाश्रमात जायचं ठरलेलं, आणि तिथला खर्च फ्लॅट विकून भागवायचा. गिऱ्हाईक मिळालं. गिऱ्हाइकाच्या बँकेने लीज पाहिली आणि कर्ज नाकारलं. बाईंना कळेचना. त्या आमच्या मुलीला पुन्हा पुन्हा म्हणायच्या, अगं, जमीन तर आपलीच आहे ना?

मुलीने रजिस्ट्रीचा उतारा काढला, काही पौंडांत मिळतो. फ्रीहोल्डवर चार नावं होती. पहिलं बाईंच्या नवऱ्याचं, जो वारला होता. दुसरं मुलीला फ्लॅट विकणाऱ्याचं : फ्लॅटची लीज तिच्या नावावर झाली, पण फ्रीहोल्डच्या नोंदीत तिचं नाव घालायचं त्या वेळच्या सॉलिसिटरकडून राहून गेलेलं. तिसरं दुसऱ्या मजल्याच्या मालकाचं, जो फ्लॅट भाड्याने देऊन ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला. चौथं सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याचं. म्हणजे इमारतीत प्रत्यक्ष राहणाऱ्या तीन मालकांपैकी एकाचंच नाव कागदावर! बाईंचा पाव हिस्सा नवऱ्याच्या मृत्युपत्राने त्यांच्याकडे आला होता, पण सहीचा अधिकार आला नव्हता. नवऱ्याचं नाव गळालं आणि सही करणारे उरले तिघे. खालच्या थरात बाई मालक, वरच्या थरात कुणीच नाहीत.

जुना विक्रेता सज्जन निघाला, पत्ता लागला, सही द्यायला तयार झाला. ऑस्ट्रेलियातल्या गृहस्थांनी आधी उत्तरच दिलं नाही, आणि दिलं ते असं : बाईंना लीज वाढवून हवी असेल तर त्यांनी कायद्याप्रमाणे किंमत मोजावी, माझा वाटा मला द्यावा.

आता ही मागणी नीट तपासू, कारण ती वरवर बेकायदा नाही आणि मूर्खपणाचीही नाही. १९९३ च्या कायद्याने कुठलाही पात्र लीजधारक फ्रीहोल्डरला नोटीस देऊन ९० वर्षं वाढवून मागू शकतो, वाढीव लीजवर भुईभाडं नाममात्र. त्याला तिथे 'पेपरकॉर्न' म्हणतात, मिऱ्याचा एक दाणा. (आपल्या मलबारच्या मिऱ्यासाठी युरोपने समुद्र पालथे घातले, आणि भाषेत मात्र मिरी फुकटपणाची खूण होऊन बसली.) त्याबदल्यात फ्रीहोल्डरला किंमत द्यायची. आकडे समजण्यापुरते घेऊ. समजा फ्लॅट लांब मुदतीच्या लीजसकट ४ लाख पौंडांचा आहे आणि ६२ वर्षांच्या लीजसकट ३ लाख ४० हजारांचा. फ्रीहोल्डरला ६२ वर्षांनी ४ लाखांचा फ्लॅट परत मिळणार होता, त्या आशेची आजची किंमत काढायची. न्यायाधिकरणाने स्पोर्टेली प्रकरणात फ्लॅटसाठी वर्षाला ५ टक्के दर धरला आहे, त्याने ती साधारण १९ हजार येते. मुदत वाढवल्यावर ही आशा जवळजवळ शून्य होते. वाढवण्याआधी दोघांच्या हातात मिळून ३ लाख ५९ हजार, नंतर ४ लाख. हा जो ४१ हजारांचा फायदा निर्माण झाला त्याला 'मॅरेज व्हॅल्यू' म्हणतात, दोन हक्कांचं लग्न लागलं म्हणून. लीजमध्ये ८० वर्षांहून कमी उरली असतील तर त्यातला अर्धा फ्रीहोल्डरचा. म्हणजे १९ हजार अधिक साडेवीस, एकूण साडेएकोणचाळीस हजार. ८० हून जास्त उरली असती तर हा अर्धा भाग द्यावाच लागला नसता. म्हणून लीजमध्ये ८२-८३ वर्षं दिसली की हालचाल करावी असं सगळे सांगतात.

२०२४ च्या नव्या कायद्याने मॅरेज व्हॅल्यू रद्द करायचं आणि ९० ऐवजी ९९० वर्षं द्यायचं ठरवलं आहे, पण आम्ही बोलतो आहोत त्या दिवसापर्यंत ती कलमं लागू झालेली नाहीत. लागू झालं आहे ते असं की लीज वाढवून मागण्यासाठी पूर्वी फ्लॅट दोन वर्षं नावावर असावा लागे, ती अट जानेवारी २०२५ अखेर गेली.

तर ऑस्ट्रेलियातल्या गृहस्थांच्या मते बाईंनी साडेएकोणचाळीस हजार द्यावेत. पण घेणारा कोण? चौघे, आणि चौघांत बाई स्वतः एक. पाव हिस्सा, ९,८७५ पौंड, त्यांच्याच एका खिशातून दुसऱ्या खिशात. उरलेल्या तिघांना प्रत्येकी ९,८७५. ठीक. पण त्यांची स्वतःची लीज? तीही १९८८ चीच, तीही ६२ वर्षांची. उद्या तेही विकायला निघणार, त्यांची बँकही हेच म्हणणार, आणि त्या दिवशी याच नियमाने ते तिघांना प्रत्येकी ९,८७५ देणं लागणार. चारही फ्लॅट सारखे धरले तर प्रत्येकजण तीनदा तेवढेच देतो आणि तीनदा तेवढेच घेतो. बाकी शून्य. उरतो तो वकिलांचा आणि सर्वेक्षकांचा खर्च, चार वेळा.

म्हणून सामाईक फ्रीहोल्डमध्ये सगळ्यांनी एकाच दिवशी, एकमेकांना विनामोबदला ९९९ वर्षं वाढवून देणं हा परोपकार नव्हे, साधा हिशेब आहे. तो बिघडतो मुदती वेगवेगळ्या असतील तेव्हा. समजा तिघांनी आधीच आपसांत वाढवून घेतल्या आणि चौथी लीज ६२ वर तशीच राहिली. आता तिघांना देण्यासारखं काही उरलेलं नाही, घेण्यासारखं मात्र आहे. चौथा अडचणीत सापडला की ही माणसं एकाएकी जुन्या जमीनदारासारखी बोलू लागतात. आणि चौथ्याने फ्रीहोल्ड घेताना पैसेच घातले नव्हते असं असेल, तर त्यांचं बोलणं योग्यही असतं, कारण त्याच्या फ्लॅटच्या परतीची किंमत बाकीच्यांनी मोजलेली आहे. पैसे घातलेले असतील आणि त्या महिन्यात तो फक्त आजारी होता, परदेशी होता, पत्राला उत्तर द्यायचा राहिला होता, तर मात्र त्याच्याकडून पूर्ण किंमत मागणं आम्हाला अन्याय वाटतो, कायदा काहीही म्हणो. म्हणून फ्रीहोल्ड घेतानाच आपसांत लेखी ठरवून ठेवावं : ज्याने वाटा दिला त्याला मागेल तेव्हा विनामूल्य मुदतवाढ, खर्च त्याचा. एक पानाचा कागद असतो. त्या इमारतीत तो नव्हता.

गृहस्थांना हा हिशेब कळवला गेला. सोबत आणखी एक गोष्ट. १९२५ च्या ट्रस्टी ॲक्टमध्ये एक कलम आहे, ३६ वं : विश्वस्त सलग बारा महिन्यांहून अधिक काळ युनायटेड किंगडमच्या बाहेर राहिला तर इतर विश्वस्त लेखी करून त्याच्या जागी दुसरा नेमू शकतात. त्याचा पाव हिस्सा जात नाही, तो खालच्या थरात सुरक्षित असतो, पण सहीचा अधिकार जातो. हे वाचल्यावर त्यांचं उत्तर दोन दिवसांत आलं. आमचा अंदाज असा की हिशेबापेक्षा कलमाने काम लवकर केलं.

मग कागद झाले. आधी नवऱ्याचा मृत्यूचा दाखला देऊन नाव कमी केलं. फ्रीहोल्ड तिघांकडून चौघांकडे हस्तांतरित झाला, जुना विक्रेता बाहेर, मुलगी आणि तळमजल्याच्या बाई आत. त्यानंतर चार नव्या लीज. 'नव्या' हा शब्द मुद्दाम वापरतो. इंग्रजी कायद्यात चालू लीजची मुदत नुसती ताणून लांब करता येत नाही. जुनी लीज सोडून दिली आणि तिच्या जागी नवी घेतली असंच मानलं जातं. आपल्या न्यायशास्त्रात 'तोच हा देवदत्त' म्हणून ओळख पटवण्याचा प्रश्न येतो ना, तसा इथे येतो. राहणाऱ्याच्या दृष्टीने तोच फ्लॅट, तीच लीज. रजिस्ट्रीच्या दृष्टीने जुनी मेली, नवी जन्मली, नवा क्रमांक. आणि याचा रोकडा परिणाम असा की जुन्या लीजवर कर्ज असेल तर बँकेचं गहाण ज्यावर होतं तेच नाहीसं होतं. म्हणून बँकेची लेखी संमती आधी घ्यावी लागते आणि गहाण नव्या लीजवर आणावं लागतं. ज्यांनी हे न करता आपसांत सह्या केल्या त्यांचे अर्ज रजिस्ट्रीत अडकतात. आमच्या मुलीच्या बँकेने संमतीला नऊ आठवडे लावले.

या सगळ्यात अकरा महिने गेले. पहिलं गिऱ्हाईक केव्हाच निघून गेलं होतं. दुसरं वसंतात आलं, थोड्या कमी किमतीला, आणि बाई वृद्धाश्रमात गेल्या. तोपर्यंतचा खर्च त्यांच्या भाच्याने उधारीवर चालवला होता.

आता श्रोत्यांचे प्रश्न. बरेच आले आहेत, दोनच घेऊ.

पहिला प्रश्न लेस्टरहून : आमच्या इमारतीत बारा फ्लॅट आहेत, फ्रीहोल्ड आम्ही काढलेल्या कंपनीच्या नावावर आहे, प्रत्येकाला एक शेअर. हा घोळ आम्हाला लागू होतो का? नावांचा घोळ होत नाही. कंपनी मरत नाही, परदेशी जात नाही, तिच्या वतीने संचालक सही करतात, आणि फ्लॅट विकताना शेअर नव्या मालकाच्या नावावर केला की झालं. चारांहून अधिक फ्लॅट असतील तर कंपनीच बरी असं आमचंही मत आहे. पण कंपनीचा दुसरा धोका आहे. तिचा धंदा शून्य असला तरी दरवर्षी कंपनीज हाउसला हिशेब आणि माहितीचं निवेदन पाठवावंच लागतं. ते कंटाळवाणं काम कुणा एका निवृत्त शेजाऱ्याकडे असतं, तो घर विकून गेला की थांबतं. मग कंपनीचं नाव नोंदवहीतून काढून टाकलं जातं, आणि तिची मालमत्ता, म्हणजे तुमच्या पायाखालची जमीन, बेवारस म्हणून राजसत्तेकडे जाते. लीज शाबूत राहतात, पण त्या वाढवून द्यायला कंपनीतर्फे कुणी उरत नाही. कंपनी पुन्हा जिवंत करता येते, साधारणपणे सहा वर्षांच्या आत अर्ज करावा लागतो, आणि मधल्या काळातले राहिलेले सगळे कागद भरावे लागतात. कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव घालून तिची स्थिती फुकट पाहता येते. आज रात्रीच पाहा.

दुसरा प्रश्न पुण्याहून, एका निवृत्त जोडप्याचा : आमचा लंडनमध्ये फ्लॅट आहे, फ्रीहोल्डच्या चार नावांत आमचं एक आहे, आम्ही कायमचे परत आलो आहोत. आम्हाला काय करावं लागेल?

तुम्ही आत्ता सांगितलेल्या त्या ऑस्ट्रेलियातल्या गृहस्थांच्या जागी आहात, रागावू नका. बारा महिने उलटले असतील तर शेजारी तुमच्या जागी दुसरा विश्वस्त नेमू शकतात. तुमचा हिस्सा जाणार नाही, पण तो कशावर लिहिलेला आहे ते आधी तपासा. ट्रस्टचा कागद नसेल तर करून घ्या, शेजाऱ्यांशी संबंध चांगले आहेत तोवरच. सह्यांसाठी प्रत्येक वेळी विमानाने जायला नको. इंग्लंडचा दस्त पुण्यात बसूनही करता येतो, साक्षीदार मात्र सही होताना समोर हजर हवा आणि तो त्या दस्तातला पक्षकार नसावा. म्हणजे नवऱ्याबायकोची दोघांची नावं असतील तर एकमेकांचे साक्षीदार होऊ नका, शेजाऱ्यांना बोलवा. विश्वस्ताला आपला अधिकार मुखत्यारपत्राने दुसऱ्याकडे सोपवता येतो, पण ट्रस्टी ॲक्टच्या २५ व्या कलमाखाली तो एका वेळी बारा महिन्यांपुरताच, मग नवं पत्र. आणि तुमच्या लीजमध्ये किती वर्षं उरलीत ते आम्हाला नव्हे, तुमच्या सॉलिसिटरला या आठवड्यातच कळवा. शेजाऱ्यांचाही तोच सॉलिसिटर असेल तर तुमच्यासाठी वेगळा घ्या, कारण देणारा आणि घेणारा असे दोन्ही पक्ष एकाच माणसाला नीट सांभाळता येत नाहीत.